शोकाच्या तीन आठवड्यांत अंगाई गायची का?

जेरुसलेमचं मंदिर उभं होतं तेव्हा तिथे रोज गाणं व्हायचं. लेवी कुळातले पुरुष ओट्यावर उभे राहून तंतुवाद्यं आणि झांजा वाजवत स्तोत्रं गायचे. या गाण्याबद्दल मिश्नात, म्हणजे इ.स. २००च्या सुमारास संकलित झालेल्या ज्यू नियमग्रंथात, एक छोटीशी नोंद आहे. लहान मुलांना सेवेसाठी मंदिराच्या आतल्या अंगणात येऊ देत नसत. त्याला अपवाद एकच, गाण्याची वेळ. तेव्हा लेव्यांची पोरं आत यायची. वाद्याला त्यांनी हात लावायचा नाही, नुसत्या गळ्याने गायचं. ओट्यावरही चढायचं नाही, खाली जमिनीवर उभं राहायचं. मोठ्यांच्या पायांमधून त्यांची डोकी दिसायची. त्यांना कशासाठी आणायचं, तर सुरात ‘तेवेल’ पडावा म्हणून. तेवेल म्हणजे मसाला. या पोरांना गमतीचं नावही होतं, ‘लेव्यांना छळणारे’. त्यांच्या कोवळ्या आवाजापुढे मोठ्यांचं गाणं फिकं पडायचं, असं भाष्यकार सांगतात.

इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने ते मंदिर जाळलं. ज्यू शोकातलं संगीत समजून घ्यायचं तर सुरुवात इथून करावी लागते, कारण संगीत बंद ठेवण्याच्या पद्धतीच्या मुळाशी हे गप्प झालेलं गाणं आहे.

आता आजच्या एका घरात या. जुलैचा महिना, रात्रीचे नऊ वाजलेत. दीड वर्षाच्या मुलाला दात येताहेत आणि तो काही केल्या झोपत नाही. रोज फोनवर तेच एक गाणं लागलं की तो पाच मिनिटांत मान टाकतो. पण घर धार्मिक ज्यू कुटुंबाचं आहे आणि शोकाचे तीन आठवडे सुरू आहेत. या दिवसांत गाणी ऐकायची नाहीत. आई फोन हातात घेऊन उभी आहे. लावू की नको?

प्रश्न बारीक वाटेल, पण उन्हाळा आला की असे प्रश्न रब्बींकडे, म्हणजे ज्यू धर्मगुरूंकडे, येतातच. पाळणाघरात टाळ्या वाजवून गाणी म्हणायची का? सात वर्षांच्या मुलीचा व्हायोलिनचा क्लास बंद ठेवायचा का? बटण दाबलं की गाणारं खेळणं कपाटात टाकायचं का? या उत्तरांमागचा विचार मला फार जवळचा वाटतो, म्हणून तो नीट उलगडून सांगायचा आहे.

आधी हे दिवस कोणते ते पाहू. ज्यू परंपरेत शोक दोन तऱ्हेचा असतो. एक घरातल्या माणसाच्या जाण्याचा आणि दुसरा साऱ्या समाजाचा. समाजाच्या शोकाचे दोन मोठे टप्पे आहेत. पहिला वसंतात येतो. पेसाख आणि शावुओत या सणांच्या मधल्या ४९ दिवसांना ओमेर म्हणतात आणि त्यातले सुमारे ३३ दिवस शोकाचे असतात. रब्बी अकिवा या प्राचीन गुरूंचे २४,००० शिष्य या काळात मरण पावले, असं तालमूद, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांचा मोठा ग्रंथ, सांगतो. कारणही तिथेच दिलंय: ते एकमेकांचा मान ठेवत नव्हते. दुसरा टप्पा म्हणजे हे तीन आठवडे. ते ज्यू पंचांगातल्या तम्मूझ महिन्याच्या १७ तारखेला सुरू होतात आणि आव महिन्याच्या ९ तारखेला, म्हणजे तिशा बाव या उपवासाच्या दिवशी, संपतात. २०२६ साली हा काळ २ जुलै ते २३ जुलै असा आहे. पहिलं मंदिर बाबेलच्या लोकांनी इ.स.पू. ५८६ मध्ये पाडलं, दुसरं रोमनांनी इ.स. ७० मध्ये, आणि दोन्हींचा शोक याच दिवशी पाळतात. आव महिना लागला की शोक आणखी घट्ट होतो. बहुतेक घरांत मांस शिजत नाही. तिशा बावला तर जमिनीवर बसून, दिवे मंद करून बायबलमधलं ‘विलापगीत’ हे पुस्तक वाचतात.

हा शोक पायरीपायरीने चढत जातो आणि शेवटच्या दिवशी त्याचा कळस होतो. घरातल्या शोकाचं बरोबर उलटं असतं. तो सगळ्यात तीव्र असतो तिथून सुरू होतो आणि उतरत जातो. दफनानंतरचे सात दिवस शिवा, मग तीस दिवसांपर्यंत श्लोशिम, आणि आईवडील गेले असतील तर एकूण बारा महिने. आपल्याकडच्या वाचकाला इथे सुतक आठवेल, पण सुतकात विटाळाची कल्पना असते. शिवामध्ये भर असतो तो माणसाला दुःख करायला वेळ देण्यावर.

मग संगीतच का बंद? बाबेलला कैद करून नेलेल्या लोकांचं चित्र स्तोत्रसंहितेतल्या १३७व्या स्तोत्रात आहे. नदीकाठच्या झाडांवर त्यांनी आपल्या वीणा टांगून ठेवल्यात आणि पकडून नेणारे म्हणताहेत, तुमचं एखादं गाणं म्हणून दाखवा की. परक्या भूमीत आमच्या देवाचं गाणं कसं गावं, असं ते विचारतात. विलापगीताच्या पाचव्या अध्यायात नगर कसं उजाड झालं हे सांगताना एक ओळ येते: म्हातारे वेशीवरून उठून गेले, तरुणांनी वाजवणं सोडलं. मंदिरातल्या पूजेत गाणं हा रोजचा भाग होता. म्हणून मंदिर गेल्याचं दुःख वाद्य खाली ठेवून दाखवायचं, हे त्या लोकांना सहज सुचलं असणार.

गंमत अशी की तीन आठवड्यांत वाद्यसंगीत ऐकू नये असं ‘शुल्हान आरुख’मध्ये सरळ लिहिलेलं सापडत नाही. हा ज्यू आचाराचा प्रमाणग्रंथ योसेफ कारो यांनी लिहिला आणि तो १५६५ मध्ये छापला गेला. पुढे सतराव्या शतकात पोलंडचे रब्बी अव्राहाम गोम्बिनर यांनी या काळात नाचू नये असं नोंदवलं. त्यांच्या ‘मागेन अव्राहाम’ या भाष्याला आजही मोठं वजन आहे. त्यानंतरच्या पिढ्यांनी नाचाबरोबर वाद्यंही बंद मानली, आणि विसाव्या शतकात तबकड्या, रेडिओ, कॅसेट आल्यावर त्यांचाही विचार करावा लागला. म्हणजे हा नियम तोरा या मूळ ज्यू धर्मग्रंथातली थेट आज्ञा नाही. तो ‘मिन्हाग’ आहे, समाजाने हळूहळू घट्ट केलेली रीत. आणि रीत असल्यामुळेच तिला लहान मुलांसाठी वाकायला जागा राहिली.

आता मुलांकडे वळू. ज्यू कायद्यात मुलगा १३ वर्षांचा आणि मुलगी १२ वर्षांची झाली की आज्ञांची जबाबदारी त्यांच्यावर येते. तोवर ते अजाण. पण तेराव्या वाढदिवसाला एकदम सगळं डोक्यावर टाकायचं नसतं. आईवडिलांनी आधीपासून सवय लावायची, तिला ‘हिनुख’ म्हणतात. हे वय सरसकट एकच नसतं, त्या त्या गोष्टीवर आणि त्या मुलावर ते ठरतं. साधारण सहा-सातच्या आसपास ते धरतात. योम किप्पुर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, त्याच्या उपवासाचं उदाहरण घ्या. धडधाकट नऊ वर्षांच्या मुलाला पूर्ण उपवास करायला लावत नाहीत. रोज आठला खात असेल तर त्या दिवशी नऊला द्यायचं, पुढच्या वर्षी आणखी थोडं उशिरा. तासांनी शिकवायचं. मला ही पद्धत फार शहाणी वाटते. भूक म्हणजे काय ते मुलाला कळतं आणि ते भुकेने कळवळतही नाही.

शोकाच्या बाबतीत मात्र एक गाठ आहे, आणि सगळ्या विषयात मला हीच सगळ्यात विचार करायला लावणारी वाटते.

शुल्हान आरुख सांगतो की तिशा बावच्या आठवड्यात मोठ्यांनी लहान मुलांचे केस कापू नयेत, त्यांचे कपडे धुऊ नयेत. का? मुलांवर तर कसलीच जबाबदारी नाही. भाष्यकारांनी दोन कारणं मांडली. पहिलं हिनुख, म्हणजे मुलाला सवय लागावी. दुसरं ‘अगमत नेफेश’, म्हणजे जिवाची तळमळ. पण ही तळमळ मुलाची नव्हे. पाहणाऱ्या मोठ्यांची. एरवी नीटनेटकं असणारं पोर वाढलेल्या केसांनी अंगणात फिरताना दिसलं की मोठ्यांच्या मनात चर्र व्हावं. घरातल्या मृत्यूच्या वेळीही हेच सूत्र दिसतं. जवळचं माणूस गेलं की शोक करणारा आपलं वस्त्र फाडतो. अजाण मुलावर ते बंधन नाही, पण त्याच्याही सदऱ्याला चीर देतात. त्याला कळावं म्हणून नव्हे. तो चिमुकला फाटका सदरा पाहून जमलेल्यांना रडू यावं म्हणून.

कारण कोणतं धरता त्यावर उत्तर बदलतं. सवय लावणं हेच कारण असेल तर दीड वर्षाच्या बाळाला नियम लागू होण्याचा प्रश्नच येत नाही, ते काय शिकणार? पण मोठ्यांची तळमळ हे कारण धरलं तर तान्हं बाळही त्यात येतं, कारण शोक घराचा आहे आणि बाळ घरात आहे. ही दुसरी बाजू पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ती जरा कठोर वाटली. लेकराला मोठ्यांच्या दुःखाचं साधन का करायचं? नंतर त्याच ग्रंथातली पुढची ओळ वाचली. क्राकोवचे रब्बी मोशे इस्सरलेस यांनी तिथेच टीप दिली आहे की तान्ह्या मुलांची दुपटी धुवायला मुळीच हरकत नाही, कारण ती ओली होतात, घाण होतात. इतर लहान मुलांच्या कपड्यांबाबतही लोक सैल वागतात, असंही ते म्हणतात. मंदिराचा शोक अंगावर असताना एका पंडिताला दुपट्यांची आठवण होते. शोक घराचा असला तरी बाळाची गरज अडवून तो पाळायचा नाही, ही मर्यादा त्या एका टिपेत आखली गेली.

संगीताची उत्तरं याच वाटेने येतात. बहुतेक रब्बी ‘गाणं चालेल का’ एवढ्यावर थांबत नाहीत, ते गाणं तिथे काय काम करतंय ते बघतात. दीड वर्षाच्या बाळाला झोपवणारं गाणं ही बाळाची गरज आहे, धुतलेल्या दुपट्यासारखीच. आईने खुशाल गावं, आणि बाळ गाण्याशिवाय झोपतच नसेल तर फोनवर लावायलाही पुष्कळ जण मोकळीक देतात. आईच्या कानावर ते पडणारच, पण ती स्वतःच्या सुखासाठी ऐकत नाहीये. बटणाच्या खेळण्याचंही तसंच. त्या वयात पोर संगीत ऐकत नसतं, बटण दाबलं की काहीतरी होतं याचा शोध लावत असतं.

पाळणाघरात आणि बालवाडीत गाणं हे शिकवण्याचं साधन असतं. हात धुवायचं गाणं, अक्षरांचं गाणं, आवराआवरीचं गाणं. ते बंद केलं तर चार वर्षांच्या मुलांचा दिवसच विस्कटेल. म्हणून पुष्कळ ठिकाणी गाणी चालू राहतात, फक्त बाई पेटीसारखं वाद्य किंवा मोठ्याने वाजणारी गाणी बाजूला ठेवतात. नुसत्या गळ्याने गायचं. व्हायोलिनच्या क्लासबाबत मतं वेगळी पडतात. सराव म्हणजे मौज नव्हे, तेच तेच स्वर घासायचे, आणि तीन आठवडे खंड पडला तर हात विसरतो, म्हणून बरेच रब्बी परवानगी देतात. आव महिन्याच्या पहिल्या नऊ दिवसांत मात्र अनेक जण थांबायला सांगतात. शिकवणाऱ्याची रोजीरोटी त्यावर असेल तर तोही विचार होतो. वाढदिवसाला कर्ण्यावर गाणी लावून नाच? सहा-सातच्या पुढच्या मुलाला इथे थांबवतात. हे सरळसरळ उत्सवाचं संगीत आहे आणि ते मूल आता ‘का’ विचारू शकतं.

कोणत्या वयात काय, याचा आकडा प्रत्येक रब्बी थोडा वेगळा सांगेल. कोणी म्हणतं सहा, कोणी म्हणतं मंदिर पडल्याची गोष्ट ऐकून मुलाचा चेहरा उतरतो का ते बघा. अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातून आलेल्या, आणि सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेनकडच्या, घरांच्या रीतींतही फरक आहेत. केस, कपडे यांचे नियम पुष्कळ सेफार्दी घरांत उशिरा सुरू होतात.

नुसत्या गळ्याचं गाणं हा या दिवसांतला एक मोठा आधार आहे. वाद्याविना, फक्त माणसांच्या आवाजात गायलेल्या गाण्यांचे अल्बम खास ओमेर आणि तीन आठवड्यांसाठी निघतात. त्यात तोंडानेच ढोलाचा ठेका धरतात, तंतुवाद्याची नक्कल करतात. काही रब्बींना हे पटत नाही. आवाज हुबेहूब वाद्याचा असेल तर वाद्य सोडून काय मिळवलं, असं त्यांचं म्हणणं आहे, आणि मोठ्यांपुरतं मला ते पटतं. मुलांच्या शिबिरांना मात्र या गाण्यांचा मोठाच उपयोग होतो, कारण अमेरिकेत आणि इस्रायलमध्ये उन्हाळी सुट्टी नेमकी या तीन आठवड्यांवर येते.

शिवाय धार्मिक घरातल्या मुलाला वाद्य बंद असणं हे काही नवं नसतं. दर शब्बाथला, शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत, वाद्य वाजत नाही, फोन वाजत नाही. तरी तो घरातला सगळ्यात गाता दिवस असतो. जेवणाच्या टेबलावर सगळे मिळून गातात, पोरं हातानेच ठेका धरतात. तीन आठवड्यांतही शब्बाथला उघड शोक करायचा नाही, त्यामुळे हे गाणं तेव्हाही चालूच राहतं. तिशा बावच्या आधीच्या शब्बाथला काही अश्केनाझी सभास्थानांत एक विलक्षण गोष्ट होते. शुक्रवारच्या संध्याकाळी शब्बाथला वधू मानून तिचं स्वागत करणारं ‘लेखा दोदी’ हे गीत नेहमीच आनंदाने म्हणतात. त्या दिवशी शब्द तेच राहतात आणि चाल मात्र ‘एली त्सियोन’ या विलापाची लागते. बापाच्या मांडीवर बसलेल्या पाच वर्षांच्या मुलाला बाबेल आणि रोम कळत नाही. पण आपलं ओळखीचं गाणं आज वेगळं लागतंय, हे त्याला पहिल्याच ओळीत कळतं. शोक शिकवण्याची इतकी हळुवार रीत मी दुसरी पाहिली नाही.

तिशा बावच्या दिवशी मोठ्यांना तोराचा नेहमीचा अभ्यासही वर्ज्य असतो, आणि शाळकरी मुलांनाही त्या दिवशी सुट्टी द्यावी असं तालमूद म्हणतो. कारण तोरा शिकताना मन आनंदतं. ज्या परंपरेत अभ्यासाला आनंद म्हणून थांबवतात तिने बाळाच्या अंगाईला अडवलं नाही, हे मला लक्षात ठेवण्यासारखं वाटतं. अंगाईने रडणं थांबतं, मेजवानी होत नाही.

घरातल्या मृत्यूच्या वेळी मुलांचं काय? इथे कायदा आणखी मऊ आहे. अजाण मुलावर शिवा पाळायचं बंधन नाही. शुल्हान आरुख तर सांगतो की मूल त्या सात दिवसांतच वयात आलं, तरी त्याच्यावर उरलेल्या दिवसांचं बंधन येत नाही. समजा वडील सोमवारी गेले आणि मुलगा बुधवारी तेरा वर्षांचा झाला. मंगळवारी तो मूल होता, म्हणून गुरुवारीही त्याला शोकाचे नियम लागू नाहीत. त्याला दुःख नाही असं कोणी म्हणत नाही. त्याच्या दुःखाला नियमांचं ओझं लावायचं नाही, एवढंच. म्हणून आई गेलेल्या आठ वर्षांच्या मुलीला शाळेच्या समूहगानातून बाहेर काढून वर्गात एकटं बसवणं मला तरी या कायद्याच्या भावनेशी जुळणारं वाटत नाही.

याच्याच बाजूला कद्दीश ठेवून बघा. मृतासाठी म्हणतात ती ही प्रार्थना. अरामी भाषेतल्या या ओळींत मृत्यूचा शब्दही येत नाही, सगळी देवाची स्तुती आहे. तिचं नाव ‘अनाथाचा कद्दीश’. मोठा मुलगा वडिलांच्या पुण्यासाठी सभास्थानात पुढे उभा राहून प्रार्थना चालवू शकत असे. अजाण मुलाला ते करता येत नसे. मग त्याने काय करावं? त्याला म्हणता येईल असा हा छोटा कद्दीश मध्ययुगात रूढ झाला. आज साठीचे पुरुष जी प्रार्थना म्हणतात ती मुळात पोरक्या लेकरांसाठी राखून ठेवलेली होती. त्या लेकरांवर बंधन नव्हतं, तरी सगळ्यांसमोर उभं राहायला त्यांना जागा दिली गेली.

आणि शोक करणारी आईच असेल तर? वडील जाऊन चार महिने झालेत, ती बारा महिने गाणी ऐकत नाही, आणि मांडीवर दोन वर्षांची मुलगी आहे. रब्बींकडून सहसा उत्तर मिळतं ते असं: मुलीचं घर मुलीसाठी चालू ठेव, तिच्यासाठी गा, तिच्या खोलीत तिची गाणी वाजू देत. स्वतःसाठी लावू नकोस.

या कहाणीचा एक धागा आपल्या कोकणात येतो. अलिबाग, पेण, रेवदंडा परिसरातले बेने इस्रायल म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनवार तेली. त्यांनी आपल्या सणांना मराठी नावं दिली. तिशा बाव त्यांच्याकडे ‘बिरड्याचा रोजा’ झाला, वालाच्या बिरड्यावरून. मांस वर्ज्य असलेल्या दिवसांत कोकणातल्या घरात दुसरं काय शिजणार? जेरुसलेम जळाल्याचा शोक आणि आगरातले कडवे वाल अशी सांगड पडली, आणि नावही तेच राहिलं. आज त्यांच्यातले बहुतेक इस्रायलमध्ये आहेत.

ज्याने बिरडं सोललंय त्याला माहीत आहे. वाल रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकायचे. टरफल चिमटीत धरून दाबलं की डाळिंबी टुणकन बाहेर उडते. हे काम लहान बोटांना मोठ्यांपेक्षा चांगलं जमतं, आणि ते करताना पोरं गप्प बसत नाहीत, काहीतरी गुणगुणतातच. त्या गुणगुणण्याला कुठल्याच ग्रंथाची मनाई नाही. उपवासाच्या दिवशी दुपारी त्या पोरांना भूक लागते आणि त्यांच्यापुढे बिरड्या-भाताची वाटी ठेवता येते. मोठी माणसं तारे दिसेपर्यंत थांबतात.